पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: आमच्या शाळेत दिवसभर नक्की चालतं काय?

दर वर्षी जानेवारी लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. शाळा कोल्हापूर शहराच्या जरा बाहेर, उसाच्या शेतांना लागून आहे, मराठी माध्यम, पहिली ते सातवी. सगळं वाचायचा कंटाळा असेल तर निदान अभ्यासाचा, सापाचा आणि डब्याचा प्रश्न वाचा, बाकीचं भेटल्यावर बोलू.

मुलं दिवसभर खेळतातच म्हणे, मग अभ्यास कधी असतो ओ?

हा एक नंबरचा प्रश्न. शाळा साडेनऊला भरते आणि पहिला अर्धा-पाऊण तास कुणी वर्गात बसत नाही हे खरं आहे. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एक झाड वाटून दिलेलं असतं, ते वर्षभर त्याचं. सकाळी दप्तर ठेवलं की निरीक्षण वही घेऊन त्या झाडाकडे जायचं आणि कालच्यापेक्षा काय वेगळं दिसतंय ते लिहायचं, पहिलीतली पोरं चित्र काढतात. सुरुवातीला सगळ्यांच्या वहीत 'झाड हिरवे आहे' एवढंच असतं, दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी पण तेच, आणि पालक वही बघून घाबरतात. घाबरू नका. हळूहळू कुणीतरी लिहितं की पांगाऱ्याची पानं सगळी गळाली पण फांदी मोडून बघितली तर आत ओली आहे. मग फेब्रुवारीत त्याच बोडक्या फांद्यांवर लालभडक फुलं येतात आणि साळुंक्या, कावळे, शिंजीर सगळे तिथं गर्दी करतात, कावळ्याच्या चोचीला पिवळी पूड लागलेली दिसते, आणि हे स्वतः बघितलेल्या पोराला परागीभवनाचा धडा शिकवायला एक तास पण पुष्कळ होतो.

त्यानंतर सगळे गोलात बसतात, गाणं होतं, ज्याला जे सांगायचंय ते सांगतो. मग भाषा आणि गणित सलग, हे बसूनच, वही-पेन्सिल घेऊन, पुस्तकं बालभारतीचीच. जेवणानंतर हाताची कामं असतात, म्हणजे वाफे, माती, शिवण, थोडं सुतारकाम. शेवटी अर्धा तास ज्याला जे आवडतं ते वाचायचं आणि त्यावेळी ताई-दादा पण वाचतात. (शिक्षकांना इथं सर-मॅडम म्हणत नाहीत, सवय होते आठवड्यात.)

बाहेर फिरून गणित कसं काय येणार?

पावसाळ्यात एकदा पाचवीच्या वर्गात येऊन बसा. जुलैमध्ये पेपरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज येते, ती आख्खं कोल्हापूर वाचतं, पोरांच्या तोंडी पण तेच असतं. वर्गात भिंतीवर मोठा आलेख लावलेला असतो, ३९ फुटांवर पिवळी रेघ म्हणजे इशारा पातळी, ४३ वर लाल रेघ म्हणजे धोका पातळी, आणि रोज एकजण ठिपका मारतो. एकदा आदल्या दिवशीची पातळी होती ३८ फूट १० इंच आणि त्या दिवशीची ४१ फूट ३ इंच, किती वाढलं एवढाच प्रश्न. एकानं फळ्यावर ४१.३ वजा ३८.१० मांडलं, उत्तर काढलं ३.२, म्हणाला तीन फूट दोन इंच. मागून एक पोरगी उठली, म्हणाली कसं होईल, ३९ ला दोनच इंच कमी होते, ते दोन, मग ३९ ते ४१ दोन फूट, आणि वरचे तीन इंच, म्हणजे दोन फूट पाच इंच. झालं, वर्गात दोन पार्ट्या! ताईंनी उत्तर सांगितलं नाही, शिवणाच्या डब्यातली टेप काढून दिली. पोरांनी ती भिंतीवर धरून इंच मोजले आणि मग फुटाला बारा इंच असतात तर तिथं दशांशाचा टिंब चालणार नाही हे त्यांचं त्यांनाच दिसलं. याच्यावर मी दहा उदाहरणं फळ्यावर सोडवून दिली असती तरी इतकं डोक्यात बसलं नसतं.

मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की इथं पाणी लगेच का वाढत नाही, भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी एकत्र कुठं येतात (प्रयाग चिखलीला), तिथून बंधारा किती लांब. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, ते दाखवायचं तर आलेखाचा कागद पुरत नाही, वर दुसरा चिकटवावा लागतो, आणि तो चिकटवताना वर्ग गप्प होतो. ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलंय अशी पोरं पण वर्गात असतात, त्यांना बोलावंसं वाटलं तर बोलू द्यायचं, नाही तर विषय ताणायचा नाही, एवढं भान आम्ही ठेवतो.

पावसाचं माप पण आम्ही घरीच बनवतो. सरळ बाजूंची बाटली, तिचाच वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला, बाजूला पट्टी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे एकदा कळलं की शाळेच्या पत्र्यावर किती पाणी पडलं आणि किती वाया गेलं याचा हिशेब सातवीची पोरं स्वतःहून काढतात आणि मग आमच्या मागं लागतात की टाकी कधी बसवणार!

पाढे पाठ करून घेता का?

हो, तीसपर्यंत. पाढे आले पाहिजेत, त्यात आमचं काही वेगळं मत नाही. पावकी-निमकी-दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) मात्र आम्ही आजी-आजोबांकडून शिकून यायला सांगतो, ज्यांना येते ते शाळेत येऊन म्हणून दाखवतात आणि पोरांना ते भारी वाटतं.

शेजारच्या पोराला केजीतच वाचायला येतंय, आमचं पहिलीत जाऊन पण वाचत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त काळजी याचीच असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिलीत आम्ही बाराखडीनं सुरुवात करत नाही. मूल स्वतः जो शब्द बोलतं तो ताई पाटीवर लिहून देतात, म्हैस, ट्रॅक्टर, आज्जी, जे असेल ते, आणि ते शब्द भिंतीवर लागतात. काही पोरं दिवाळीपर्यंत वाचायला लागतात, काही दुसरीच्या मध्यावर. या वयात एवढा फरक असतोच, आणि उशिरा वाचायला लागलेलं मूल नंतर मागं राहतंच असं नाही.

पण 'होईल आपोआप' म्हणून सोडून पण देत नाही. तिसरीच्या पहिल्या सत्रापर्यंत साधा परिच्छेद अडखळत का होईना वाचता आला नाही तर रोज त्या मुलाबरोबर वेगळं बसणं सुरू होतं, आणि आधी डोळे आणि कान तपासून यायला सांगतो. फळा दिसत नाही म्हणून मागं पडलेली मुलं खरंच असतात. अक्षरं उलटी-सुलटी लिहिणं बरेच दिवस चालू राहिलं तर डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या असं आम्ही स्पष्ट सांगतो. पालकांना राग येतो कधीकधी, पण सांगावं लागतं. आणि कृपा करून त्या शेजारच्या पोराशी तुलना मुलासमोर करू नका, ते ऐकत असतं.

इंग्लिशचं काय? मराठी माध्यमात पोरगं मागं पडणार नाही का?

इंग्लिश पहिलीपासूनच आहे, राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत २००० पासून आहे. आम्ही पहिली दोन वर्षं ते बोलण्यातून, गाण्यातून, खेळातून करतो, लिहिणं तिसरीपासून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. आमचा अनुभव एवढाच की ज्याला 'पाणी का उकळतं' हे मराठीत नीट सांगता येतं त्याला ते इंग्लिशमध्ये सांगायला फक्त शब्द लागतात. ज्याला मराठीतच सांगता येत नाही त्याला दोन्हीकडं पाठांतरच करावं लागतं.

आम्ही शेतातच राहतोय, पोराला परत मातीतच घालायला शाळेत कशाला पाठवू?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, आणि विचारणारे बहुतेक करून वडील असतात. उसाला पाणी पाजून, धारा काढून कंटाळलेल्या माणसानं 'माझं पोरगं खुर्चीवर बसलं पाहिजे' असं म्हणणं अगदी बरोबर आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण शाळेत मातीत घालून आम्ही त्याला शेतमजूर करत नाही ओ.

होतं काय, की शेतकऱ्याच्या पोराला खूप काही माहीत असतं आणि शाळेत ते कुणी विचारतच नाही, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. सीझनमध्ये आम्ही एका पालकांच्या गुऱ्हाळावर जातो. तिथं चुलवाणात चिपाडं जळत असतात, काहिलीत म्हणजे मोठ्या कढईत रस उकळत असतो, वर मळी आली की भेंडीचं पाणी घालून ती काढायची, आणि गुळव्या (गूळ करणारा कारागीर) मधूनच थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांत गोळी होते का बघतो. सहावीतलं एक पोरगं, वर्गात तोंड न उघडणारं, त्या दिवशी सगळ्यांना सांगत होतं की आत्ता उतरवली तर गूळ पातळ राहील, अजून थोडं थांबायला पाहिजे, आणि गुळव्यानं मान डोलावली. मग ताईंनी लांब दांड्याचा थर्मामीटर काढला. पाक ११५ अंशांच्या वर गेलेला, आणि पुस्तकात तर पाणी १०० ला उकळतं! मग हे कसं काय? पाणी उडत गेलं आणि साखर दाट होत गेली की उत्कलनबिंदू वर चढतो, हे त्या दिवशी त्याच काहिलीपाशी झालं. (पोरं काहिलीपासून लांबच उभी असतात, दोरी बांधलेली असते, थर्मामीटर मोठ्यांच्याच हातात.) ते पोरगं त्यानंतर विज्ञानाच्या तासाला पुढं बसायला लागलं. मार्क पण वाढले, पण ते नंतर.

कपडे रोज चिखलात माखून येतात. काही नियम नाही का?

युनिफॉर्म मुद्दाम ठेवलेला नाही. जुने, धुवायला सोपे कपडे घाला, एक जोड शाळेत ठेवा. जूनमध्ये बेंदराच्या आधी मातीचे बैल करतो तेव्हा आणि गणपतीच्या आधी मूर्ती करतो तेव्हा तर विचारूच नका. माती शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणतो, मूर्तीला रंग हळद-गेरूचे, विसर्जन शाळेतच बादलीत आणि ती माती पुढच्या वर्षी परत. पावसात वर्ग बाहेर नसतो, पण रिमझिम असेल तर फेरी चुकत नाही, त्यामुळे रेनकोट पाहिजेच, छत्री नको.

साप निघतात का? खरं सांगा.

निघतात. उसाशेजारी आहोत, पावसाळ्यात दिसतातच, बहुतेक करून धामण किंवा दिवड, दोन्ही बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप फोटोवरून ओळखायला तिसरीपासून शिकवतो. पण ओळखता येतंय म्हणून जवळ जायचं नाही, साप कुठलाही असो, जागच्या जागी थांबायचं, हळूहळू मागं यायचं आणि ताईंना सांगायचं, एवढाच नियम. मग आम्ही सर्पमित्राला बोलावतो किंवा वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन करतो. गवत कापलेलं असतं, लाकडं-विटांचा ढीग वर्गाजवळ ठेवत नाही, आणि बूट घालायच्या आधी झटकायचे हे पोरांच्या अंगवळणी पडलेलं आहे.

समजा चावलाच तर चिरायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, मांत्रिक-बिंत्रिक अजिबात नाही. मुलाला हलू न देता गाडीत घालून थेट सीपीआरला म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, तिथं प्रतिसर्पविष मिळतं. हे दरवर्षी पालकसभेत पण सांगतो कारण घरी पण उपयोगाचं आहे.

झाडावर चढू देता म्हणे! पडलं तर?

चढू देतो. नियम असा की जेवढं स्वतःला चढता येतं तेवढंच चढायचं, कुणी उचलून फांदीवर बसवायचं नाही. ज्याला वर चढता आलं त्याला बहुतेक वेळा उतरता पण येतं, अडकतं ते उचलून बसवलेलं पोर. शेवग्यावर मात्र बंदी, त्याचं लाकूड ठिसूळ असतं. खरचटतं, कधी कोपर सोलून निघतं, प्रथमोपचाराची पेटी आहे आणि त्या दिवशी फोन पण येतो तुम्हाला. एकही ओरखडा न पडता मूल परत यावं अशी अपेक्षा असेल तर आपलं जमणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

डब्यात काय द्यायचं?

भाकरी-भाजी, चपाती-भाजी, दही, काकडी, शेंगदाणे, गूळ. वेफर्स आणि कुरकुरे नको, कागद वाऱ्यानं थेट उसात जातात. खर्डा दिलात तर जरा जास्तच द्या, कारण तो वाटला जातो. सगळे गोलात बसून जेवतात, उरलेलं गांडूळखताच्या खड्ड्यात, आणि डबा ज्याचा त्यानं घासायचा, पहिलीपासून. वाढदिवसाला केक नाही, चिरमुरे-शेंगदाण्याची भेळ चालते, पोरंच करतात.

शिक्षा करत नाही मग पोरं ऐकतात कशी?

मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच बंदी आहे, त्यामुळे आम्ही काही फार मोठं करतोय असं नाही. पोरं नेहमी ऐकतात असं पण नाही! भांडणं झाली की दोघांनी समोरासमोर बसून आधी दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं, मग स्वतःचं. वेळ लागतो, कधी आख्खी मधली सुट्टी जाते, आणि पोरांना हे धपाट्यापेक्षा जास्त नकोसं वाटतं. काही मोडलं असेल तर दुरुस्त करायचं, रोप उपटलं असेल तर नवीन लावून ते जगवायचं. 'दोन फटके दिले तरी चालतील, आमची परवानगी आहे' असं लिहून द्यायला तयार असलेले पालक पण भेटतात. तसली चिठ्ठी आम्ही घेत नाही.

परीक्षा, मार्क, स्कॉलरशिप?

पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आता सरकारनंच ठेवलीय, त्यातली पाचवीची आमच्याकडं होते. बाकी वर्गांना मूल्यमापन वर्षभर चालतं आणि वर्षातून दोनदा तुम्हाला टक्केवारीऐवजी दोन पानांचं पत्र मिळतं, मुलाला काय येतंय, काय अडतंय, घरी काय करता येईल. हे पत्र लिहायला शिक्षकांचा जीव जातो, तेव्हा नीट वाचा. स्कॉलरशिपला ज्याला बसायचंय त्याला आम्ही तयारीला मदत करतो, पण आख्ख्या वर्गाला जुंपत नाही. आपल्या जिल्ह्यात स्कॉलरशिपचं वेड किती आहे हे माहीत आहे, पहाटे पाचला तासिका घेणारी गावं आहेत, त्यांच्या कष्टाला नाव ठेवायचं नाही, फक्त आमचा तो रस्ता नाही.

हे फॉरेनचं फॅड इथं कशाला?

फॉरेनचं कुठलं! ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे पोरं गुरं चारायला जातात तिथंच शाळा. टागोरांनी १९०१ ला शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले, गांधीजींची हातानं काम करत शिकायची नई तालीम १९३७ ची. आणि लांब कशाला, इथं कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय १९८५ पासून आहे, मुलांनी अनुभवातून आणि आनंदानं शिकावं हे त्यांनी करून दाखवलं, आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडं बघूनच धाडस केलं. ज्या गावच्या राजानं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं त्या गावात शाळेचे प्रयोग नवीन नाहीत.

सहली?

रंकाळ्यावर दोन-तीनदा जातो, केंदाळ का वाढतं ते बघायला आणि थंडीत वारकरी, टिबुकली, पाणकावळे हे पक्षी मोजायला. सप्टेंबरात मसाई पठारावर फुलांसाठी, तिथं फुलं तोडायची नाहीत आणि फुलांवर बसून फोटो तर अजिबात नाही (हे पालकांसाठी आहे, पोरांना माहीत असतं). मोठ्यांना दाजीपूरला नेतो, गवा दिसलाच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही, पावलांचे ठसे आणि शेण बघून पण पुष्कळ कळतं. वॉटरपार्क नाही.

मोबाईल-कॉम्प्युटर शिकवता का?

पाचवीपासून कॉम्प्युटर आहे. मोबाईल शाळेत नाही. घरचं घर बघेल, पण निरीक्षण वहीतला पक्षी लगेच फोनवर शोधून देऊ नका, दोन दिवस त्याला डोकं खाजवू द्या.

सातवीनंतर दुसऱ्या शाळेत पोरगं टिकेल का?

पहिले दोन-तीन महिने जड जातात, खोटं सांगत नाही. पन्नास-साठच्या वर्गात हात वर केला तरी नंबर येत नाही, वही पूर्ण करायचा वेग कमी पडतो, प्रश्न विचारला म्हणून कुणी ओरडलं तर त्यांना कळतच नाही आपलं काय चुकलं. म्हणून सातवीच्या दुसऱ्या सत्रात वेळ लावून पेपर लिहायची सवय करून घेतो. दिवाळीपर्यंत बहुतेक जण रुळतात. तुम्ही त्या काळात 'त्या शाळेनं लाडावून ठेवलं' असं घरात म्हणू नका एवढंच.

प्रवेश कसा घ्यायचा?

मुलाची मुलाखत नाही, परीक्षा नाही, डोनेशन नाही. फी किती ते प्रत्यक्ष भेटीत सांगतो कारण दरवर्षी पालकसभेत ठरते, आणि ज्यांना झेपत नाही त्यांनी मोकळेपणानं बोलावं, त्यातून मार्ग काढता येतो. अट एकच, प्रवेशाआधी आई किंवा वडील (दोघं आलात तर उत्तम) यांनी एक आख्खा दिवस शाळेत येऊन बसायचं, साडेनऊ ते साडेचार, डबा घेऊन. शनिवारी येऊ नका, शनिवारी अर्धीच शाळा असते आणि तेवढ्यात काही समजत नाही. के.एम.टी.नं येणार असाल तर शेवटच्या स्टॉपवरून दहा-पंधरा मिनिटं चालत, रस्त्यात उसाच्या गाड्या असतात तेव्हा कडेनं या. फोन दुपारी साडेचारनंतरच करा, त्याआधी कुणी उचलत नाही.